चढावर जाणारे टायर: तिसरा टायर हलला, अडचण घर्षणाची होती

आत वजन दडवलेले टायर फळीवर आपणहून चढ चढत एकमेकांना ढकलतात, अशी साखळी जुळवून तिचे चित्रण करायचे चालले आहे. दुसऱ्या टायरपाशी अडलेली ती साखळी सुटली. पहिला टायर चार अंशांचा चढ चढून दुसऱ्याला धडकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा वरच्या टोकाला ठेवलेला पत्र्याचा डबा पाडतो. डबा पडल्याचा आवाज ऐकायला फार गोड लागला.

होंडाच्या २००३ च्या ‘कॉग’ जाहिरातीत गाडीचे सुटे भाग असेच एकमेकांना ढकलत जातात. त्यातले चढ चढणारे टायर बघून बहुतेक जण म्हणतात, ही संगणकाची करामत. टायर खरे आहेत, आत वजन दडवलेले आहे. त्या दोन मिनिटांत जोड आहे तो भलतीकडेच: सायलेन्सर जमिनीवरून गडगडत जातो तिथे. म्हणजे डोळ्यांना जिथे खोटे वाटते तिथे सगळे खरे, आणि जिथे कुणी बघतच नाही तिथे दोन चित्रणे शिवलेली. आपल्या फळीवर नेमके हेच दाखवायचे आहे.

आता आकडे. टायर स्कूटरचा, ३.५०-१०, रिमशिवाय. पंक्चरच्या दुकानात झिजलेले टायर जवळपास फुकट मिळतात आणि आपल्याला झिजलेलाच बरा: मधला भाग सपाट झालेला असतो, त्यामुळे सरळ जातो. मोटरसायकलचा गोल पाठीचा टायर घेऊ नका, कलंडतो. वजन २.४ किलो, त्रिज्या २१.७ सेमी. आतले वजन १.२ किलो, केंद्रापासून १८ सेमीवर. १.२ ला १८ ने गुणा, ३.६ ला (टायर आणि वजन मिळून) २१.७ ने गुणा, पहिल्याला दुसऱ्याने भागा: ०.२८. हा टायर कोणत्या चढावर तग धरेल ते या आकड्यावर ठरते. इथे ती मर्यादा सोळा अंशांच्या आसपास येते. तेवढ्या चढावर तो फक्त टिकेल, चढणार नाही. चढून वर पुढच्याला धक्का द्यायला जोर शिल्लक हवा, म्हणून चार अंश.

वजनासाठी शिसे वितळवण्याच्या भानगडीत पडू नका, धूर विषारी असतो. २५ × ६ मिमीची लोखंडी पट्टी मीटरला साधारण १.१८ किलो भरते. नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या भंगारात असे तुकडे हवे तेवढे. साडेबारा सेमीचे आठ तुकडे कापायचे, चार-चारच्या दोन थप्प्या करून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर लावायच्या. एकच थप्पी बाजूला लागली तर टायर वळतो आणि पुढच्याला कडेवर धडकतो. चिकटवण्याआधी आतले रबर पॉलिश पेपरने घासून चकाकी काढा, पेट्रोलने पुसा, मग सनमायका चिकटवायचा पिवळा फेविकॉल दोन्हीकडे लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि दाबा. वरून जुन्या ट्यूबची पट्टी ताणून चिकटवायची. क्षणात चिकटणारे डिंक इथे कुचकामी: वाळल्यावर ठिसूळ होतात आणि धडकेने सुटतात.

आता मूळ दुखणे. सुरुवातीला वजन टायरच्या माथ्याकडे असते. ते उभ्या रेषेपासून चढाच्या बाजूला साधारण १५ अंश गेले की टायर आपोआप वर निघतो. त्याआधी सोडला तर खाली येतो. म्हणून वजन १३ अंशांवर ठेवून मागे ३ मिमी जाडीची लाकडी पट्टी अडवणीला लावली आहे. हिशेबाने पुढच्या टायरला फक्त ६ मिमी ढकलले की पुरे. पहिला टायर ३० सेमी धावून येतो, तेव्हा त्याचे वजन बरोबर आडवे आलेले असते, जोर भरपूर असतो. तरी दुसरा दोन-तीन मिमी हलून परत पट्टीवर बसायचा. आतले वजन वाढवले तरी तेच.

मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रांवर, उलगडा झाला. दोन्ही टायर एकाच दिशेने फिरतात, पण जिथे एकमेकांना टेकतात तिथे पहिल्याची पुढची बाजू खाली जात असते आणि दुसऱ्याची मागची बाजू वर. रबर रबराला धरते. पहिला जरासा उचलला जातो आणि दुसऱ्याचे फिरणे तिथेच दाबले जाते. वजन वाढवले की धक्का वाढतो, पण त्याच प्रमाणात पकडही वाढते. त्यामुळेच काही फरक पडत नव्हता.

उपाय दोन रुपयांचा निघाला. मार खाणाऱ्या टायरच्या मागच्या बाजूला, केंद्राच्या उंचीवर, खोक्यांना लावतात ती दोन इंची तपकिरी चिकटपट्टी हातभर. एकच बाजू गुळगुळीत झाली तरी पकड सुटते. शंखजिरे टाकू नका, ते फळीवर सांडते आणि मग टायर चढायचाच घसरतो.

आता चित्रीकरण. सर्वांत स्वस्त खोटेपणा म्हणजे कॅमेरा तिरका धरणे. उतार चढ दिसतो. म्हणून चौकटीत गवंड्याचा ओळंबा टांगायचा ठरले होते. लिहिता लिहिता सुचले की ओळंबा स्थिर कशाला? एक मीटर दोरीवर हलका झोका दिला तर तो दोन सेकंदांत एक फेरी करतो. झोक्याची मधली रेषा खरी उभी दिशा दाखवते, आणि मध्ये कुठे कात्री लागली तर झोका उडी मारतो. फक्त एक पळवाट उरते: उताराने येणारा टायर उलटा चालवून दाखवणे. झोका उलटा चालवला तरी तसाच दिसतो. त्यावर उदबत्ती. धूर खाली उतरताना दिसला की चोरी उघडी. पंखा बंद हवा.

सलग एका दमात चित्रण का अवघड, त्याचा हिशेब करून बघा. पन्नास टप्पे आणि प्रत्येक शंभरात नव्व्याण्णव वेळा चालणारा, तरी सगळी साखळी शंभरात साठच वेळा पूर्ण होते. पंचविसाचे दोन भाग केले तर प्रत्येक भाग अठ्ठ्याहत्तर वेळा. जोड घेण्याचा मोह तिथून येतो. फिश्ली आणि वाइस या स्विस कलावंतांच्या १९८७ च्या, अशाच साखळीच्या अर्ध्या तासाच्या चित्रपटातही जोड आहेत, आणि तरी त्यातली प्रत्येक आग, प्रत्येक फेस खरा आहे. याला मी फसवणूक म्हणणार नाही. फसवणूक म्हणजे जे घडलेच नाही ते दाखवणे. तिसरा प्रकारही आहे: त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या एकेक चित्र घेत हलवल्या. तिथे हात लपलेला असतो, पण काडी खरीच.

पुढचे काम: आठ फुटी फळीवर तीनच टायर मावतात, केंद्र ते केंद्र ७३ सेमी. चौथ्यासाठी दुसरी फळी जोडावी लागेल आणि सांध्यावर दोन मिमीची पायरी राहिली तरी टायर थबकतो, म्हणून सांधा रंध्याने एकसारखा करून वर सनमायकाची एक सलग पट्टी टाकायची. चिकटपट्टी दर धडकेनंतर बदलावी लागते का, ते त्यातच कळेल.