इग्बो फॉन्ट : टिंबाचा ‘आय’ अखेर मार्गी लागला

खाली टिंब असलेल्या रोमन ‘आय’वर (i) सूरचिन्ह कसे बसवायचे, ही मागच्या नोंदीत अडून राहिलेली इग्बो भाषेच्या फॉन्टची गाठ सुटली, म्हणून बोल्डचे काम थांबवून आधी हे लिहीत आहे.

आग्नेय नायजेरियातील या भाषेची १९६१ ची ओन्वू वर्णमाला ३६ अक्षरांची असून तीत आय, ओ आणि यू यांच्याखाली टिंब देऊन वेगळे स्वर दाखवतात. शब्दकोशांत आणि अभ्यासकांच्या लेखनात त्यांच्याच माथ्यावर उच्च, नीच किंवा उतरत्या सुराचे चिन्हही येते. ओ आणि यूची चिन्हे वर-खालच्या दोन अँकरांवर, म्हणजे चिन्ह अक्षराला जोडण्यासाठी ठरवलेल्या बिंदूंवर, निमूटपणे बसली. सगळा त्रास दिला तो आयने. टिंबाच्या आयवरही त्याचा मूळ ठिपका असतोच, मात्र वर सूरचिन्ह आले की तो ठिपका नाहीसा झाला पाहिजे. तो राहिला, तर चिन्ह ठिपक्याच्याही वर चढते आणि अंतर कमी असेल तेव्हा वरच्या ओळीतील यूच्या टिंबाला जाऊन भिडते. प्रसंग विरळाही नाही, कारण ‘करणे’, ‘जाणे’ अशा क्रियारूपांना इग्बोत स्वरसंवादानुसार, म्हणजे शब्दातील इतर स्वरांशी जुळेल असा, साधा किंवा टिंबाचा आय हाच उपसर्ग लागतो.

टिंब आणि सूरचिन्ह दोन्ही असलेल्या आयला युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संगणकीय क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, स्वतंत्र कोड नाही, आणि सामान्यीकरणाच्या स्थैर्याचा नियम (एकाच अक्षराच्या जोड व सुट्या रूपांची ठरलेली सांगड बदलायची नाही) पाहता तो पुढेही मिळणार नाही. तेव्हा जबाबदारी फॉन्टचीच. देवनागरीत आपण रफार आणि अनुस्वाराचा एकत्र ग्लिफ (फॉन्टमधील आकृती) तयार ठेवतो, तसे इथेही करावे असा माझा बेत होता. तो मी सोडून दिला, कारण मजकूर दोन रूपांत येतो : कधी टिंबाचा आय एकसंध आणि पुढे सूरचिन्ह, तर कधी आय, टिंब आणि सूरचिन्ह असे तिन्ही सुटे. हार्फबझ हे मजकुराचे ग्लिफ जुळवणारे सॉफ्टवेअर ग्लिफ उपलब्ध असल्यास सुटे तुकडे स्वतःच जोडून घेते, त्यामुळे तिथे साधा संदर्भनियमही, म्हणजे शेजारचे चिन्ह पाहून ग्लिफ बदलणारा नियम, चालतो. मात्र मजकूर आहे तसाच फॉन्टकडे सोपवणाऱ्या एका पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मधले टिंब आडवे आले आणि नियम लागूच झाला नाही.

उपाय असा निघाला. सीसीएमपी या फॉन्टमधील ग्लिफ जोडण्या-फोडण्याच्या सुविधेतील पहिला लुकअप (नियमांचा गट) एकसंध टिंबाचा आय फोडून साधा आय आणि जोडटिंब करतो, म्हणजे दोन्ही रूपे एकाच वाटेला लागतात. दुसऱ्या लुकअपला मार्क-फिल्टरिंग संच, म्हणजे कोणती चिन्हे विचारात घ्यायची त्यांची यादी, लावला असून त्यात फक्त वरची चिन्हे ठेवली आहेत. त्यामुळे मधले टिंब त्याला दिसतच नाही, पुढचे सूरचिन्ह थेट दिसते आणि आयच्या जागी बिनठिपक्याचा आय येतो. एचबी-शेप या हार्फबझच्या चाचणी-साधनाच्या उत्तरात तो ग्लिफ, त्यामागे टिंब आणि मग सूरचिन्ह अशी ओळ उमटलेली पाहून फार समाधान वाटले. फॉन्टबेकरी या फॉन्ट तपासणाऱ्या साधनाची सॉफ्ट-डॉटेड तपासणीही (चिन्ह आल्यावर ठिपका जातो का, ही) उत्तीर्ण झाली. फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येकाने एचबी-शेप हाताशी ठेवावेच. संपादकातील पूर्वदृश्यावर विसंबून असे दोष सापडत नाहीत.

एम आणि एनवरील सूरचिन्हांचे काम लवकर उरकले. नीच सुराच्या एमलाही स्वतंत्र कोड नाही, पण मधल्या दांड्यावर अँकर ठेवताच ते नीट बसले.

यानंतर बोल्ड करायचे ठरले होते, पण हे लिहिताना इटॅलिकच आधी घ्यावे असे वाटू लागले आहे : फोडलेले टिंब आता अँकरच्या आधाराने बसते आणि तिरक्या अक्षरात खालचा अँकर कलानुसार डावीकडे सरकवावा लागेल. योरुबा ही नायजेरियातीलच दुसरी भाषाही त्याच वेळी घेता येईल. तिथे ई, ओ आणि एसखाली काही जण टिंबाऐवजी छोटी उभी रेघ पसंत करतात. ती त्याच अँकरवर बसवून शैलीसंच, म्हणजे हवा तेव्हा निवडता येणारा पर्यायी आकार, म्हणून देईन.