आमची वाटचाल : उन्हाळ्याचं सरबत, पण पावसाळ्यात बनवलेलं

खूप जणी विचारतात, ताई तुमचं काम मार्चमध्ये सुरू होत असेल ना, ऊन तापायला लागलं की. अहो मार्चमध्ये आमच्या पिळायच्या मशीनवर जुनी चादर टाकलेली असते. आमचं सगळं लिंबाचं सरबत जुलै-ऑगस्टमध्ये बनतं, बाहेर धो धो पाऊस, गाळ्यापुढे चिखल, आणि आत आम्ही चौघीजणी दिवसाला शंभर किलो लिंबं पिळतोय, आणि त्या दिवसात सरबत प्यायची इच्छा आमच्यापैकी एकीलाही नसते. चहा लागतो.

याचं कारण सांगायचं तर 2016 च्या पावसाळ्यात जावं लागेल. माझं सासर अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुका, कागदी लिंबाचा पट्टाच आहे तो. आमची दीड एकर बाग. त्या जुलैत आण्णांनी म्हणजे सासऱ्यांनी पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्डात लिंबाच्या गोण्या पाठवल्या आणि पट्टी म्हणजे विक्रीचा हिशोब आला तेव्हा मी घरातच होते. हमाली, तोलाई, गाडीभाडं, बारदाना सगळं जाऊन हातात उरले एकशे ऐंशी रुपये. तोडणीच्या बायांची मजुरी तर अजून द्यायचीच होती. आण्णांनी पट्टीची घडी घातली, खिशात ठेवली आणि जेवायला बसले, एक शब्द नाही. आणि पुढच्या एप्रिलमध्ये मी हडपसरला भाजीवाल्याकडे पाच रुपयाला एक लिंबू घेत होते, तेही सुकलेलं. घरचं लिंबू फुकट जातंय आणि मी विकत घेतेय, हे काय गणित आहे असं मी आण्णांना फोनवरच विचारलं.

त्यांनी सांगितलं ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना माहीत असेल, मला नव्हतं. लिंबाला तीन बहार, म्हणजे फुलं येण्याचे तीन हंगाम. आंबे बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ पावसाळ्यात, मृग बहाराचं फळ हिवाळ्यात, आणि उन्हाळ्यात ज्याला पैसा मिळतो तो हस्त बहार. पण हस्त बहार धरायचा तर झाडाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाण्याचा ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं, आणि तेव्हा वरून पाऊस चालू, मग ताण कसा देणार? म्हणून बहुतेकांचा माल पावसाळ्यात एकदम येतो आणि भाव पडतो, आणि गिऱ्हाईकाला लिंबू हवं असतं एप्रिल-मे मध्ये. या दोनच्या मधल्या सात-आठ महिन्यांवर आमचा धंदा उभा आहे, बाकी काही विशेष नाही त्यात.

आणि गंमत म्हणजे पावसाळी लिंबूच रसाला भारी. साल पातळ, किलोला चारशे मिली रस आरामात निघतो. उन्हाळी लिंबू महाग असून वर रस कमी. शिवाय पावसात खैऱ्या रोगाचे डाग पडतात सालीवर, तो डागी माल मार्केटला कोणी विचारत नाही, पण आतल्या रसाला काही झालेलं नसतं. आम्ही डागी माल हसत घेतो.

सुरुवात सासूबाईंच्या रेसिपीने केली. एक वाटी रस, अडीच वाट्या साखर, चिमूटभर मीठ, चिनी मातीच्या बरणीत घालून रोज लाकडी चमच्याने हलवायचं, पाच-सहा दिवसात साखर विरघळते. गॅस पेटवायचाच नाही. रस उकळला की लिंबाचा तो ताजा वास जातो आणि मग उरतं नुसतं आंबटगोड पाणी, त्यामुळे आजही घाई असली तर आम्ही साखरेचा पाक वेगळा करून पूर्ण गार करतो आणि मगच रस घालतो. 2017 ला सोसायटीत चाळीस बाटल्या दिल्या, संपल्या, लोकांनी परत मागितल्या, मला वाटलं जमलं आपल्याला.

पण दोन-तीन जणी म्हणाल्या छान आहे हो, पण फार गोड. मी आपली लगेच ऐकायला गेले. 2018 च्या पावसाळ्यात अडीच वाटीची दीड वाटी केली. चव खरंच सुंदर आली होती हो, आईंना म्हणजे सासूबाईंना पण आवडली. आणि मग पुढच्या मे मध्ये रात्री साडेअकराला एका काकूंचा फोन, अगं तुझ्या बाटलीचं झाकण उडालं, कपाटात सगळं सरबत आणि मुंग्या. मग दुसरा फोन. मग तिसरा. तीन दिवस मी आणि हे स्कूटरवर फिरून बाटल्या परत गोळा करत होतो, साठेक बाटल्या बाथरूममध्ये ओतल्या, घरभर दारूसारखा वास. झालं काय होतं तर साखर ही नुसती गोडीसाठी नसते, तीच सरबत टिकवते, ती कमी पडली की यीस्ट कामाला लागतं आणि गॅस धरतो. इतकी साधी गोष्ट, लोणच्यात मीठ कमी पडलं तर काय होतं हे मला माहीत होतं, पण सरबताला तेच लागू आहे हे डोक्यात आलं नाही.

मग केव्हीकेमध्ये म्हणजे कृषी विज्ञान केंद्रात जाऊन फळप्रक्रियेचं ट्रेनिंग केलं. तिथे कळलं की अशा घट्ट सरबताला सिरप म्हणायचं असेल तर नियमाप्रमाणे निदान 25 टक्के रस आणि 65 ब्रिक्स लागतो, ब्रिक्स म्हणजे साधारण शंभर ग्रॅममध्ये विरघळलेली साखर किती ते. ब्रिक्स मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, पेनापेक्षा थोडी जाड नळी असते, काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. मी ऑनलाइन स्वस्तातला मागवला, तो 0 ते 32 पर्यंतच मोजणारा निघाला, म्हणजे रसाला ठीक पण सिरपचा थेंब टाकला की नुसतंच सगळं पांढरं दिसायचं, मला वाटलं बिघडलेला पाठवला. सिरपला 58 च्या पुढचा लागतो. कोणी नवीन सुरू करत असेल तर हे आधी बघून घ्या, माझे पैसे गेले ते गेले.

तिथेच केएमएस पण शिकले, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. किलोला जेमतेम अर्धा ग्रॅम, आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग घालायचं. याने रस काळपट पडत नाही आणि यीस्टही दबतं. काही लोक केमिकल म्हणून नाक मुरडतात, मी लेबलवर स्पष्ट छापते, नको असेल त्यांनी फ्रीजमध्ये ठेवायची बिनाकेएमएसची बाटली घ्यावी, तीही बनवतो, पण ती ऑर्डरप्रमाणे थोडीच. याच केएमएसने एकदा फजिती केली, लिंबू-कोकम काढू म्हणून लालभडक सुंदर आगळ म्हणजे कोकमाचा रस आणला, त्यात केएमएस घातलं आणि डोळ्यादेखत रंग उडाला, फिकट गुलाबी राहिला. लाल-जांभळ्या रंगाच्या सरबताला सोडियम बेंझोएट वापरतात हे मला नंतर कळलं. कोकम बंद केलं.

मोसंबीचं तर विचारूच नका. माझं माहेर जालन्याकडचं, तिथल्या मोसंबीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, भाऊ म्हणाला किती पाहिजे तेवढी पाठवतो. मलाही वाटलं मोसंबी ज्यूस म्हणजे आजारी माणसापासून लग्नापर्यंत सगळ्यांना लागतो. सकाळी काढला, मधासारखा गोड. दुपारी चाखला तर कडू. मला वाटलं बिया चिरडल्या गेल्या असतील, दुसऱ्यांदा बिया काढून अगदी हलक्या हाताने काढला, तरी कडू. गरम केला तर अजूनच कडू. मग ट्रेनिंगच्या मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या फळात जे द्रव्य असतं ते बिनकडू असतं, पण पिळल्यावर रसाच्या आंबटपणाशी गाठ पडली की त्याचंच हळूहळू लिमोनिन बनतं आणि ते कडू. संत्र्याचंही तेच दुखणं. मोठ्या फॅक्टऱ्या यावर उपाय करतात, त्यांच्याकडे तशी यंत्रं असतात, माझ्या गाळ्यात नाहीत. म्हणून ज्यूसवाला तुमच्यासमोर पिळून देतो आणि तुम्ही उभ्या उभ्या पिता, तीच मोसंबीची खरी पद्धत. भावाला वाईट वाटलं थोडं.

कडूपणावरून आठवलं, मशीन. रोज शंभर किलो हाताने होत नाही म्हणून एक सेकंडहँड स्क्रूची मशीन घेतली, ती अख्खं लिंबू दाबते, रस भरपूर निघाला पण साल आणि बिया पण रगडल्या गेल्या, सालीतलं तेल उतरलं, सगळी बॅच कडवट. विकून टाकली. आता मोटरवर फिरणारी पिळणी आहे, लिंबू अर्धं कापून बायका त्यावर धरतात. थोडा रस सालीत राहतो, राहू दे. हातमोजे घातले तरी नखांच्या कडेला आंबट लागून चुरचुरतं, संध्याकाळी सगळ्याजणी खोबरेल तेल लावून बसतो.

2020 ला मार्चमध्ये अकराशे बाटल्या भरून तयार आणि लॉकडाऊन. दुकानं बंद, एक्झिबिशन बंद. मग सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, पासवाले भाजीचे टेंपो यायचे त्यांच्याबरोबर क्रेट पाठवले, जूनपर्यंत सगळं संपलं. तेव्हा लोक व्हिटॅमिन सी साठी लिंबू मागत होते. मी कोणाला तसं सांगितलं नाही, कारण आठ महिने बाटलीत राहिलेल्या रसात ते ताज्या लिंबाएवढं राहत नाही, ज्याला त्यासाठी हवं त्याने ताजं लिंबू पिळावं.

आणि मग 2022 चा एप्रिल, लिंबू दहा रुपयाला एक, बातम्यांमध्ये लिंबू, व्हॉट्सअॅपवर लिंबाचे जोक. आमच्याकडे आदल्या जुलैचा स्वस्तातला रस बाटल्यांमध्ये तयार. हे म्हणाले भाव दुप्पट कर. मी वीस रुपये वाढवले फक्त, आमची यावर चांगलीच वाजली, अजूनही विषय निघतो. माझं म्हणणं, आपल्याला माल महाग पडलेला नाही, आणि पुढच्या वर्षी लिंबू स्वस्त झाल्यावर हेच गिऱ्हाईक तोंड फिरवेल. त्यांचं म्हणणं, त्या पैशात अजून एक मशीन आली असती. तेही बरोबरच आहे.

आता फुरसुंगीला भाड्याचा गाळा आहे, एफएसएसएआयचं म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचं रजिस्ट्रेशन आहे, सीझनला चार हजारांच्या आसपास बाटल्या जातात, त्यासाठी साखरेची पन्नासेक पोती लागतात आणि खरा खर्च लिंबाचा नसून साखरेचा आणि काचेच्या बाटल्यांचा आहे, हे कोणाला सांगितलं तर पटत नाही. लिंबं आण्णांची आणि बाजूच्या दोन बागांची, बाजार पडला असला तरी किलोला 15 रुपये, जागेवर. पिळलेल्या सालींचं गोड लोणचं करतो, ते डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत विकलं जातं, थंडीत सरबताकडे कोण बघणार.

आई मात्र आमची बाटली अजून घरात उघडत नाहीत. त्यांची स्वतःची बरणी असते, अडीच वाट्या साखरेची, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. पाहुणे आले की त्यातलंच सरबत देतात, आणि कोणी विचारलं सुनेच्या कंपनीचं का हो, तर म्हणतात, नाही, ते दुकानचं आहे, हे घरचं.