आज घरात दिवसभर रटल्स
आज सुट्टी, दादा घरी आलेला, आणि दोघांनी मिळून रटल्सची ती १९७८ची टीव्ही फिल्म बघितली. बीटल्सची नक्कल करणारा खोटा बँड, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी टोळीतला एरिक आयडल आणि गाणी लिहिणारा नील इनिस यांनी उभा केलेला, तेच कोट तेच केस, हसून हसून पोट दुखलं. पण खरं सांगू, मला धरून ठेवलं ते गाण्यांनी. इनिसने ती लिहिताना बीटल्सच्या रेकॉर्ड परत ऐकल्याच नाहीत, नुसत्या आठवणीवर चाली बांधल्या, आणि दादा दर गाण्याला "अरे हे ओळखीचं आहे" म्हणायचा पण नेमकं कुठलं ते सांगता येईना!! त्या गाण्यांवर जीव असल्याशिवाय हे जमत नाही हो. आणि खुद्द जॉर्ज हॅरिसन त्यात पत्रकार बनून माइक घेऊन उभा, आपल्याच बँडची टिंगल चाललीय आणि हा माणूस मनापासून सामील, तो सीन तीनदा मागे नेऊन बघितला. नंतर बीटल्सच्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीमुळे इनिसला स्वतःच्या गाण्यांचं श्रेय वाटून द्यावं लागलं, हे फार लागलं मनाला. २०१९च्या डिसेंबरात गेला तो. आत्ता जेवताना पण तीच गाणी चालू आहेत आणि दादा सोबत गुणगुणतोय.