निळा ई

१९९९ साली सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टापासून हाकेच्या अंतरावर, मी सायबर कॅफे टाकला. पाच कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडची पार्टिशनं आणि दाराशी टायपिंगचं टेबल. नाव सायबर कॅफे, पण गल्ला भरायचा तो अर्ज-प्रतिज्ञापत्रांवर.

नवखं गिऱ्हाईक आलं की मी सांगायचो, "तो निळा ई दाबा." तो मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, म्हणजे वेबसाइट उघडायचं सॉफ्टवेअर, पण इंटरनेट एक्सप्लोरर वगैरे नाव कुणाच्या तोंडी नसायचंच. ई म्हणजेच इंटरनेट. एकदा कॉलेजच्या एका पोरानं तो डेस्कटॉपवरून उडवला, तर पुढच्या काकू थेट माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, "अहो, तीन नंबरचं इंटरनेट कुणीतरी काढून नेलंय!" नेटस्केप हा दुसऱ्या कंपनीचा ब्राउझरही मी मुद्दाम टाकून ठेवला होता. महिनोन्महिने त्याला कुणी हात लावला नाही.

त्या पोरानं जे सहज केलं, ते कॉम्पॅकसारख्या कॉम्प्युटर बनवणाऱ्या बड्या कंपनीला जमलं नव्हतं. १९९६ मध्ये त्यांनी आपल्या मशिनवरून एक्सप्लोररचं चिन्ह काढलं, तर मायक्रोसॉफ्टनं विंडोजचा परवानाच रद्द करायची नोटीस धाडली. चिन्ह मुकाट्यानं परत आलं. विंडोजशिवाय पीसी विकणार कुणाला? १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात हे प्रकरणही निघालं.

जून २००० मध्ये तो खटला चालवणारे न्यायमूर्ती जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करायचा आदेश दिला. आमचे नेहमीचे एक वकीलकाका पेपर घेऊनच आले. "काय रे, आता विंडोज स्वस्त होणार का?"

मी गप्प. माझ्या पाचही मशिनवरची विंडोज एकाच सीडीतून आलेली, आणि सीडी-की कव्हरवर मार्करनं लिहिलेली.

काकांच्या ते ध्यानात आलं. म्हणाले, "म्हणजे तू त्यांचा बिनपगारी एजंट! फुकट वाटून लोकांना सवय तूच लावतोयस."

पुढच्या जूनमध्ये वरच्या कोर्टानं तुकड्यांचा आदेश रद्द केला. मक्तेदारी टिकवायला बेकायदा मार्ग वापरले, हा ठपका मात्र बऱ्याच अंशी कायम राहिला. काकांना त्याचं काही नाही. त्यांना धक्का बसला तो जॅक्सनसाहेब खटला चालू असताना पत्रकारांना गुपचूप मुलाखती देत होते याचा. "न्यायाधीश? आणि पेपरवाल्यांशी?" चहा गार झाला तरी तेच चाललेलं. नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारनं तडजोड केली. युरोपनं मात्र पिच्छा सोडला नाही. कुठला ब्राउझर हवा ते गिऱ्हाइकाला निवडू देणारा पडदा विंडोजमध्ये दाखवायचं मायक्रोसॉफ्टनं कबूल करूनही तो चौदा महिने गायब होता, म्हणून २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरो दंड ठोकला.

मधल्या काळात मलाही सुबुद्धी सुचली. वर्ड काढून टाकलं आणि एक फुकटचं पॅकेज बसवलं. आठवडाही टिकलं नाही. प्रत्येक वकिलाच्या पेनड्राइव्हमध्ये वर्डचीच फाइल, आणि माझ्याकडे उघडली की समास सरकायचे, सहीची ओळ एकटीच पुढच्या पानावर जायची. सगळ्यांकडे वर्ड म्हणून मला वर्ड, आणि माझ्याकडे वर्ड म्हणून पुढच्याला.

आता टायपिंगचं टेबल तेवढं उरलंय. वर्ड आहेच, पण दरवर्षी पैसे भरून. काकांची मुलगी आता वकिली करते, तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "दादा, माझी कागदपत्रं चोरीच्या सॉफ्टवेअरवर टाइप करायची नाहीत हं."