मतदार यादीतलं एक नाव

चर्चच्या पाळकाचं काम म्हणजे रविवारचा संदेश, असा बाहेरच्यांचा समज असतो. निम्मं काम रजिस्टरांचं आहे. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, मयत, आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा पाव नि द्राक्षरस, कुणी घेतलं त्याची यादी. वार्षिक सभा जवळ आली की या शेवटच्या यादीला सोन्याचा भाव येतो, कारण आमच्या मंडळीत वर्गणी भरलेला आणि वर्षभरात प्रभुभोजन घेतलेला सभासदच मत देऊ शकतो. रजिस्टर कुठल्या कपाटात असतं हे एरवी ज्यांना ठाऊक नसतं, तेही त्या महिन्यात पानं तोंडपाठ करून येतात.

साताऱ्यातल्या आमच्या कमिटीपुढं परवा एक नाव आलं. त्यांना अण्णा म्हणू. (त्यांना विचारून लिहितोय, ओळखीच्या खुणा बदलल्यात.) वर्गणी चोख, उपासना सहसा चुकत नाही, पण प्रभुभोजनाच्या रकान्यात वर्षानुवर्षं नुसती रेघ. वडिलांच्या घरावरून धाकट्या भावाशी कोर्टकचेरी झाली, तेव्हापासूनची. भावाशी वैर ठेवून वेदीपाशी यायचं नाही, हे बायबलातल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वाक्य या माणसानं शब्दशः धरलंय. भाऊ मात्र पुढं येतो, गुडघे टेकतो, घेऊन जातो. अण्णा जागेवरच. बाकावरच्या लोकांना वाट मिळावी म्हणून पाय तेवढे एका अंगाला घेतात.

प्रभुभोजनाची तयारी मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. आदल्या रात्री मनुका भिजत घालायच्या, सकाळी मंद आचेवर उकळायच्या, कुस्करून पातळ फडक्यातून दोनदा गाळायच्या. एकदा गाळलं तर कपाच्या तळाशी गाळ बसतो आणि म्हातारी माणसं ठसकतात. पावाची कड काढून सारखे तुकडे करायचे. कप भरताना अण्णांचाही भरतो. तो उरतो. उरलेलं टाकायचं नसतं, म्हणून उपासनेनंतर मीच पितो. आमच्या खजिनदारांना ही उधळपट्टी वाटते.

तर कमिटी. सगळ्यात जुने सभासद म्हणाले, "पाळकसाहेब, नियम सगळ्यांना सारखा. इतकी वर्षं वचन ऐकून ज्याचं मन पालटत नाही, त्याचं नाव ठेवायचं कशाला?" हे गृहस्थ उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्यानं जागवायच्या सभेत, एका रात्रीत बदलले. ती साक्ष ते दरवर्षी देतात, घड्याळातल्या वेळेसकट. ती रात्र खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण अशा साक्षी ऐकून ऐकून मंडळीचा समज झालाय की देव रात्रीत उरकतो. दमास्कसच्या वाटेवर पौलाला क्षणात पालटवणारा प्रकाश सगळ्यांना पाठ असतो. त्यानंतर पौल अरबस्तानात गेला, आणि तीन वर्षांनी यरुशलेमात जाऊन पेत्राला भेटला, हे त्यानंच गलतीकरांना लिहिलंय. त्यावर कुणी साक्ष देत नाही.

मी टिळकांचं उदाहरण काढलं. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधे पाच वर्षं, त्यातली बरीचशी एकमेकांपासून वेगळं राहून. आणि याच साताऱ्यात १९१७ साली टिळकांनी देवाचा दरबार मांडला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. खजिनदार म्हणाले, "ते टिळक होते."

खरा पुरावा माझ्याकडं होता, पण तो मांडता येत नव्हता. आठवडाभर आधी अण्णांच्या घरी चहा घेताना ते आपणहून बोलले होते. "आधी मी प्रार्थनेत म्हणायचो, त्याचं वाटोळं कर. मग लाज वाटायला लागली, म्हणून त्याचं नावच टाळायला लागलो. आता नाव घेतो. पुढं काय मागायचं ते सुचत नाही. नुसतं नाव घेतो आणि आमेन म्हणतो." घरात ऐकलेलं कमिटीत उघडायचं नसतं, त्यामुळं मी गप्प. वाटोळ्यापासून नुसत्या नावापर्यंत माणूस किती चालला, आणि रजिस्टरात त्याची तीच रेघ!

शेवटी लूकच्या तेराव्या अध्यायातलं अंजिराचं झाड काढलं. धनी तीन वर्षं फळ बघायला येतो, तोड म्हणतो. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. सचिवांनी लगेच पेन उचललं. "मग एक वर्ष मुदत लिहितो." मला देवाचा धीर सांगायचा होता, त्यांनी शेवटची तारीख ऐकली. दाखल्यात पुढं त्या झाडाला फळ आलं की नाही, ते येशूनं सांगितलेलंच नाही, हे मी म्हणेपर्यंत ठराव झालासुद्धा. मतही या वर्षापुरतं ठेवलं. वर्षानं हीच मंडळी हेच पान उघडतील तेव्हा काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

संध्याकाळी अण्णांना कळवायला गेलो. मुदतीचं त्यांना काहीच वाटलं नाही. म्हणाले, "म्हणजे यंदा मत द्यावं लागणार. त्याचा पोरगा उभा आहे ना?"

"आहे. द्याल त्याला?"

"पोरगा हिशोबाला चांगला आहे. पोरानं काय केलंय माझं?"