तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं जपलेलं तुम्हाला का द्यायचं?

तीन-चार महिन्यांतून एकदा तरी हा प्रश्न मला ऐकायला मिळतो. गाव बदलतं, प्रश्न तोच असतो. जुन्या ग्रंथालयाचं कार्यालय, भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी, समोर कार्यवाह आणि त्यांच्या शेजारी ग्रंथपाल. मी ज्यांच्यासाठी काम करते ते मराठी विकिपीडिया (कुणीही लिहू शकेल असा खुला ज्ञानकोश) आणि विकिस्रोत (प्रताधिकार संपलेल्या पुस्तकांचं इंटरनेटवरचं खुलं ग्रंथालय) म्हणजे काय, हे माझं सांगून झालेलं असतं. चहा येतो. मग कार्यवाह कप खाली ठेवून म्हणतात, "ताई, पटलं सगळं. पण वाळवीपासून आणि पावसापासून आमच्या माणसांनी शंभर वर्षं जे जपलं, ते आम्ही तुम्हाला का द्यायचं? आम्हाला त्यातून काय मिळणार?"

सुरुवातीच्या काळात मी यावर ज्ञानदानाचं भाषण द्यायचे. ते बंद केलं. ज्यांचा पगार अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून असतो, छत गळायला लागलं की जे वर्गणी गोळा करत फिरतात, त्यांना दानाचं महत्त्व मी काय सांगणार? ही माणसं आयुष्यभर तेच करत आली आहेत. प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी देण्याघेण्याबद्दलचा एक गैरसमज दूर करते. कपाटातलं पुस्तक ग्रंथालयाचं असतं, पण त्यातला मजकूर ग्रंथालयाचा नसतो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार त्याचा आणि त्याच्या वारसांचा. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं झालं. ते ग्रंथालयाने दिलं म्हणून खुलं झालं नाही आणि नाही दिलं म्हणून बंदही राहत नाही. लेखक जाऊन ६० वर्षं झालेली नसतील, तर विश्वस्तांनी एकमताने ठराव केला तरी ते पुस्तक मी घेऊ शकत नाही. प्रस्तावना दुसऱ्याची असेल, अनुवाद असेल, आतली चित्रं तिसऱ्याच कुणी काढलेली असतील, तर त्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा. हे सांगितलं की कार्यवाहांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरतो. त्यांना वाटत असतं, मी त्यांची इस्टेट मागायला आले आहे.

मग मी मागते तरी काय?

इथे मला लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची हकिकत सांगावीशी वाटते. २०१० साली लियम वायट नावाचा विकिपीडियाचा एक स्वयंसेवक पाच आठवडे त्या संग्रहालयात बसला. संग्रहालयात विकिपीडियन मुक्कामी ठेवायचा जगातला हा पहिला प्रयोग. त्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळाचं काम पाहणाऱ्यांच्या ध्यानात आलं होतं, की इजिप्तच्या प्राचीन रोझेटा शिळेबद्दलचं त्यांचं स्वतःचं पान जेवढे लोक उघडतात, त्याच्या पाचपट लोक विकिपीडियावरचा लेख वाचतात. म्हणजे त्यांच्याच दालनातल्या वस्तूबद्दल जग दुसरीकडे वाचत होतं आणि तिथे काय लिहिलंय याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. तेव्हा संग्रहालयाने आपल्या छायाचित्रांवरचे हक्क सोडले नव्हते. त्यांनी दिली ती माणसं. इंग्लंडच्या सफोक परगण्यात १९९२ साली एक माणूस हरवलेला हातोडा शोधत होता आणि त्याला रोमन काळातल्या सोन्याचांदीचा मोठा साठा सापडला. हॉक्सन हे त्या गावाचं नाव. या साठ्यावरचा लेख लिहायला संग्रहालयाचे अभ्यासक आणि विकिपीडियाचे स्वयंसेवक एका टेबलाशी बसले. अभ्यासक सांगणार, कुठल्या ग्रंथात काय आहे ते दाखवणार. स्वयंसेवक वाचणार, विचारणार, लिहिणार. तो लेख पुढे विकिपीडियाच्या उत्कृष्ट लेखांत गेला. तो हातोडाही सापडला आणि आज तोही त्याच संग्रहालयात आहे!

माझी मागणी हीच आहे. मला तुमच्याकडचं माणूस हवं आहे.

हे मी एका चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मोठ्या मनाने आम्हाला एक हार्ड डिस्क दिली. छोटा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, फोटो निघाले. घरी येऊन उघडली तर तीनशेच्या वर फाइली आणि नावं नुसते आकडे. यादी नाही, लेखक नाही, साल नाही. कितीतरी पुस्तकांचं मुखपृष्ठ गळालेलं, त्यामुळे आत कुणाचं काय आहे ते ओळखायचं कसं? आम्ही चौघं-पाच जण रात्री बसून शं. ग. दाते यांनी केलेल्या १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांच्या सूचीशी ताडून पाहत होतो. थोडी पुस्तकं जुळली, बाकीची जुळेनात. ती डिस्क दोन वर्षं माझ्या कपाटात पडून होती आणि कपाट उघडलं की मला अपराध्यासारखं वाटायचं.

याच्या उलट अनुभव एका तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयाचा. तिथे डिस्क वगैरे नव्हती, स्कॅनर आम्हीच नेला होता. पण ग्रंथपाल बाई रोज तास-दोन तास आमच्याजवळ बसायच्या. आम्ही एका लेखकाच्या सहा पुस्तकांची यादी काढली होती. सगळीकडे आडनाव तेच, आद्याक्षरं तीच. लेखक १९३० च्या दशकात वारलेले, म्हणजे अडचण नाही असं आम्ही धरून चाललो होतो. बाईंनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "यातली दोन त्यांची नाहीत हो. ती वकीलसाहेबांची. त्यांच्या मुलानेच आणून दिली होती, दाखलपुस्तकात नोंद असेल." त्यांनी दाखलपुस्तक काढलं. नोंद होती, तारखेसकट. वकीलसाहेब १९७० नंतर गेलेले. म्हणजे ती दोन पुस्तकं आणखी बरीच वर्षं खुली होणार नव्हती. त्यातलं एक तर आमच्यातल्या कुणी आधीच दुसरीकडून मिळवून चढवलेलं होतं! ते आम्ही काढायला लावलं. एका माणसाची दोन माणसं झाली आणि दोघांचे लेख दुरुस्त झाले. ही माहिती कुठल्याच सूचीत नव्हती. ती बाईंच्या डोक्यात होती आणि त्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या.

म्हणून "आम्हाला काय मिळणार" या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर असं आहे: तुमच्या संस्थेतल्या जाणत्या माणसाबरोबर जे जाणार आहे, ते टिपून ठेवायची सोय. तुमच्या शताब्दीच्या स्मरणिकेत गावातल्या पहिल्या छापखान्यावर एक लेख आहे. तो आज कुणाला ठाऊक नाही. विकिपीडियावर मी ऐकलेलं किंवा पाहिलेलं लिहू शकत नाही, प्रसिद्ध झालेला आधार लागतो, नाहीतर वाक्याला "संदर्भ हवा" अशी शेपटी लागते. ती स्मरणिका तुमची, छापलेली तुम्ही. तिच्यातला लेख आधार म्हणून दिला की तुमच्या ग्रंथालयाचं नाव त्या वाक्याच्या संदर्भात येतं आणि वाचणारा तुमच्यापर्यंत पोचतो.

विकिस्रोतावर काम कसं चालतं तेही सांगते, कारण "स्कॅन केलं की झालं" असं बहुतेकांना वाटतं. खरं काम स्कॅन केल्यानंतरच सुरू होतं. संगणक चित्रावरून अक्षरं ओळखतो, पण जुन्या मराठी छपाईत तो अडखळतो. मग माणूस मूळ पान शेजारी ठेवून ओळ न ओळ तपासतो. तपासलेलं पान विकिस्रोताच्या यादीत पिवळं दिसतं. दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासलं की हिरवं. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे चारशे वेळा कुणीतरी नीट वाचणं. आणि यात वाद होतात, चांगले वाद. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत "कांहीं", "नांव", "मुलें" असे न उच्चारायचे अनुस्वार असतात. नव्याने आलेली मुलं ते चुका समजून पुसतात. आम्ही ते परत ठेवतो. एकदा एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "पण मॅडम, हे चुकीचं शुद्धलेखन आपण का जपायचं?" मी तिला ग्रंथपाल बाईंकडे पाठवलं. अर्ध्या तासाने ती आली ती "त्यांनीं" आणि "त्यांनी" यांतला फरक मलाच समजावत. तेव्हापासून तिच्याइतकं काटेकोर मुद्रितशोधन आमच्यात कुणी करत नाही.

आता भीतीबद्दल. "उद्या कुणी आमच्या फोटोंचं कॅलेंडर छापून विकलं तर?" हो, विकू शकतो. कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या खुल्या साठ्यात, चित्र द्यायचं तर धंद्यासाठी वापरायची मुभाही द्यावी लागते, तिथे "फक्त अभ्यासासाठी" असा परवाना चालत नाही. हे मी कधीच लपवत नाही. जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने २००८ च्या डिसेंबरात ८० हजारांहून अधिक छायाचित्रं कॉमन्सवर दिली, मोठ्या आकाराच्या मूळ प्रती स्वतःकडे ठेवून. बदल्यात स्वयंसेवकांनी चित्रांखालच्या ओळी तपासल्या. चुकीचं नाव, चुकीचं गाव, चुकीची तारीख यांची यादी करून ती त्यांना कळवली. त्यांच्याकडच्या व्यक्तींच्या नावांची विकिपीडियावरच्या लेखांशी सांगड घालून दिली. अभिलेखागारातल्या मोजक्या कर्मचाऱ्यांना हे एकट्याने करणं अशक्य होतं. पण श्रेय न देता चित्रं वापरणारेही निघाले आणि त्याची नाराजी तिथे होती. दोन्ही बाजू विश्वस्तांपुढे ठेवल्यावर एखाद्या संस्थेने "पुस्तकं घ्या, वस्तूंचे फोटो नको" असं ठरवलं, तर तो निर्णय मला मान्य असतो. अर्धवट समजून दिलेला होकार मला नको आहे, तो पुढे कडवट होतो.

आपल्याकडेही हे झालं आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ, प्रताधिकारमुक्त मराठी पुस्तकं संगणकावर आणली, त्यांतली अनेक आज विकिस्रोतावर आहेत. गोवा विद्यापीठाने २०१३ साली कोकणी विश्वकोशाचे चारही खंड खुल्या परवान्याखाली दिले. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यातला मजकूर टंकायला घेतला आणि दोन वर्षांनी कोकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे उभा राहिला. मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट ते खंड वाटत नाहीत, ते टंकणारे विद्यार्थी वाटतात. आणि मराठीत तर हे रक्तात आहे. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढून तिचे शेअर विकले, लोकांच्या पैशावर २३ खंड पुरे केले. कोश हे लोकांनी मिळून करायचं काम आहे, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच माहीत होतं.

एक विनंती मात्र मी पहिल्याच भेटीत करते: आपल्या संस्थेवरचा आणि संस्थापकांवरचा लेख स्वतः लिहू नका. गौरवाचा सूर येतो, लेख पुसला जातो आणि मनं दुखावतात. तुम्हाला ज्या विषयातलं कळतं त्यावर लिहा. संस्थेबद्दल दुसरा कुणीतरी लिहील.

आणि आता त्याच तालुक्याच्या ग्रंथालयाचं पुढचं. तिथल्या एका पुस्तकात ४७ ते ५० ही पानं नव्हती, कधीतरी फाटून गेलेली. आम्ही विकिस्रोतावर ती जागा रिकामी ठेवली आणि "मूळ प्रतीत पाने नाहीत" एवढंच लिहिलं. आठ महिन्यांनी बडोद्याहून एका वाचकाचा निरोप आला. त्यांच्या आजोबांच्या पेटीत हेच पुस्तक होतं. त्यांनी चारही पानांचे फोटो पाठवले. आम्ही ती पानं चढवली, तपासली आणि एक छापील प्रत काढून ग्रंथालयात घेऊन गेलो. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, तरी मुद्दाम आल्या. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, पानं मापात कापली, खळ लावली आणि ४६ व्या पानानंतर चिकटवली. मग दाखलपुस्तक मागवून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "पाने ४७–५० परत आली."