तुम्ही विचारलंत म्हणून: मॅक्रोसाठी कोणती लेन्स घेऊ?

मिठाच्या कणाचा नाहीतर बॉलपेनच्या टोकाचा फोटो कुणाला दाखवला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणती लेन्स वापरता?" मी हा प्रश्न बरेचदा टाळते. लेन्सचं नाव कळलं की लोक तेवढंच लिहून घेतात आणि बाकीचं ऐकतच नाहीत. म्हणून आज बाकीचं आधी.

मॅक्रो म्हणजे छोट्या वस्तूंचे अगदी जवळून काढलेले मोठे फोटो. घरात बसून ते काढताना खरी ओढाताण असते ती उजेडाची. एक सेंटिमीटरचं बटण सेन्सरवरही (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर) एक सेंटिमीटर भरलं की त्याला १:१ म्हणतात. लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र म्हणजे अॅपर्चर. ते एफ/८ असं मोजतात, आणि आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. एवढ्या जवळ गेलं की एफ/८ लावूनही आत पोहोचतो तो एफ/१६ इतकाच उजेड, म्हणजे सरळ दोन स्टॉपचं नुकसान (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो). वर फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर एफ/८ला शार्प येणारा थर जेमतेम एक मिलिमीटरचा. बटणाची कड शार्प आली तर मधली भोकं धूसर. मग माणूस अॅपर्चर बारीक करत एफ/२२ला पोचतो आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, अख्खा फोटोच धूसर होतो. इकडे आड, तिकडे विहीर.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे फोकस स्टॅकिंग. अॅपर्चर एफ/५.६ किंवा ८ला ठेवायचं, फोकस केसभर सरकवत एकामागोमाग फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकातला शार्प भाग तेवढा जोडायचा. काम कंटाळवाणं आहे, पण बटण काही उडून जात नाही. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर आणि पंखा बंद, एवढं पाळलं तरी पुरतं.

आता उजेड कसा टाकायचा ते. साधा टेबल लॅम्प चालतो, फक्त वस्तू आणि दिवा यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर धरा, नाहीतर चकचकीत जागा पांढऱ्या फट्ट पडतात. आणि दिवा खाली आणा. नाण्यावर वरून उजेड टाकला तर ते सपाट चकतीसारखं दिसतं. तोच दिवा टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूने लावा, अक्षरं उठून येतात आणि ओरखडेसुद्धा.

मीठ मला सगळ्यात आवडतं. पाकिटातल्या कणांचे कोपरे बहुतेक वेळा झिजलेले असतात, म्हणून मी मीठ पाण्यात विरघळवते आणि ते काळ्या बशीत आपोआप सुकू देते. घाई करून तापवायचं नाही. हळूहळू चौकोनी स्फटिक धरतात आणि एखाद्याच्या पाठीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारख्या रेषा दिसतात. मागून तिरपा उजेड आला की त्या रेषा चमकतात. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, निदान माझ्या तरी.

दुसरा खेळ प्लास्टिकच्या पट्टीचा. एलसीडी लॅपटॉपवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, पारदर्शक पट्टी त्याच्यापुढे धरा आणि लेन्सवरचा पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर) फिरवत राहा. एका क्षणी स्क्रीन काळा होतो, कारण त्यातून येणारा प्रकाश आधीच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. पट्टी मात्र इंद्रधनुषी रंगांनी भरते. साच्यात प्लास्टिक थंड होताना त्यात अडकून बसलेला ताण असा रंगांतून दिसतो. ज्यांना वाटतं घरात फोटो काढण्यासारखं काही नाही, त्यांनी हे एकदा करावंच.

राहिली लेन्स. तुमच्याकडे ५० मिलिमीटरची असेल तर आधी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. त्यात काच नसतेच, नुसती पोकळ नळी लेन्सला सेन्सरपासून लांब नेते. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे ५० मिलिमीटरच्या नळ्या जोडल्या की १:१ मिळालं. फक्त स्वस्तातल्या नळ्यांना इलेक्ट्रॉनिक संपर्क नसतात, त्यामुळे बऱ्याच नव्या लेन्सचं अॅपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी जोडायची कडी) लावून लेन्स उलटी बसवली तरी जमतं, पण वस्तू इतकी जवळ येते की लेन्सचीच सावली तिच्यावर पडते.

किड्यांचे फोटो काढायचे असतील तर गोष्ट वेगळी. किडा जवळ येऊ देत नाही, त्यामुळे ९० ते १०५ मिलिमीटरची खरी मॅक्रो लेन्स तिथे कामी येते. तुम्हाला नक्की काय काढायचंय तेवढं आधी सांगा, मग मॉडेलचं बोलू.